वाचलं काय?

जुलै महिना. एका कानाला फोन, पलीकडे एका दिवाळी अंकाचे संपादक: "कथेची प्रुफं पाठवली होती, वाचली का?" आणि फाटकापाशी शेजारचा पाचवीतला पोट्टा, सायकल एका पायावर तोलून उभा: "काकू, वाचलं काय?" मी दोघांना मिळून एकच उत्तर दिलं, "अजून सांगता येत नाही." संपादक गोंधळले. पोट्ट्याला बरोबर समजलं.

तो विचारत होता मांजराच्या पिल्लाबद्दल. आदल्या रात्री मांजरी रस्त्यावर ट्रॅक्टरखाली गेली होती आणि तिची तीन पिल्लं आमच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, सोयाबीनच्या कुटाराच्या (भुसकटाच्या) ढिगात सापडली होती. त्यातली दोन सकाळपर्यंत गार पडली. तिसरं माझ्या मांडीवर होतं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. डोळे मिटलेले. मसाला मोजायच्या काट्यावर ठेवलं तर ११० ग्रॅम भरलं. दोन लिंबं ठेवली तरी एवढं भरेल.

मराठीनं दोन अवजड कामं एका शब्दावर घातली आहेत. पुस्तक वाचायचं आणि जीवही वाचायचा. माझ्या घरात ही दोन वाचणी गेली कित्येक वर्षं एकमेकींच्या पायात येतात.

एवढ्या लहान पिल्लाला गाईचं दूध द्यायचं नसतं, हगवण लागते. अमरावतीहून पावडर येईपर्यंत शेळीच्या दुधावर भागवलं. पाजायचं ते पालथं ठेवून, मांजरी पाजते तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं आणि आपण प्रेमानं पाजता पाजता त्याला मारून टाकतो. दर दोन तासांनी एक-दोन मिली, सुई काढलेल्या सिरिंजमधून, थेंबाथेंबानं. प्यायलं की कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून मागच्या बाजूनं हलकेच फिरवायचा, म्हणजे त्याला लघवी होते. हे काम मांजरीची जीभ करते. आपल्याकडे तशी जीभ नाही, पण कापूस भरपूर. मागच्या हंगामातला, भाव येईल येईल म्हणून मधल्या खोलीत भरून ठेवलेला. भाव आला नाही. त्यातला मूठभर तरी या कामी आला.

१९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकांचा आषाढ-श्रावण प्रुफांत जातो. माझा त्या वर्षीचा आषाढ दोन दोन तासांच्या फटींत गेला. पाजायचं, पुसायचं, पुन्हा उबेला ठेवायचं, यात पाऊण तास. उरलेल्या सव्वा तासात डुलकी घ्यायची नाहीतर लिहायचं. एका हातात पिल्लू म्हणून मोबाईलवर, अंगठ्यानं. अंगठ्यानं लांब वाक्यं लिहून बघा. तिसऱ्या स्वल्पविरामाला अंगठाच म्हणतो, बस्स बाई. माझ्या गद्यात तोवर जी पल्लेदार, वळणं घेत जाणारी वाक्यं होती ती त्या महिन्यात गळून पडली. समीक्षकांनी पुढे त्याला 'लेखिकेच्या शैलीतील नवी मितव्ययिता' असं काहीतरी म्हटलं. ती मितव्ययिता ११० ग्रॅमची होती.

पिल्लू वाचलं. त्याचं नाव कुटार. आता ते चांगलं बोक्याएवढं झालंय आणि कीबोर्डवर झोपतं.

मी लग्न होऊन मोर्शी तालुक्यातल्या या गावात आले ती १९९८ साली, नागपूरहून, मराठीत एम.ए. करून. येताना दोन ट्रंका पुस्तकं आणि एक ठाम समजूत घेऊन आले: गावात लिहिण्यासारखं काही घडत नाही. पहिली दहा वर्षं मी या घराच्या माडीवर बसून नागपूरच्या रामदासपेठेतल्या बायकांच्या कथा लिहिल्या. माझ्या पहिल्या संग्रहात अकरा कथा आहेत. त्यातल्या चार कथांत जनावर मरतं. चारही वेळा ते कुणातरी माणसाचं दुःख दाखवायला मरतं. एका कथेत नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या दारात कुत्रं भिजत उभं राहतं आणि शेवटच्या परिच्छेदात मरतं. ते कुत्रं कसलं होतं, त्याला काय झालं होतं, दारात का आलं, हे मी लिहिलं नाही कारण मला ठाऊकच नव्हतं. मला पाऊस आणि एकाकीपण हवं होतं. कुत्रं त्यात सोयीचं पडलं.

खरं कुत्रं आलं ते आत्याबाईंमुळे. माझ्या सासूबाई. कडक बाई. कुत्र्याला ओसरीची पायरी चढू द्यायच्या नाहीत, पण रात्रीची उरलेली भाकर रोज न चुकता फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवायच्या. लहानपणी त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं. बाबांच्या दहा सांगण्यांमध्ये भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी यांच्या बरोबरीनं मुक्या जनावरांना अभय येतं, आणि आत्याबाई त्यावर भाष्य करायच्या: "अभय म्हनजे काय वं? त्याले दगड नाई मारायचा, आन् त्याचं नाव घेऊन रडायचं बी नाई. भाकर टाकायची, बास." हे वाक्य मला तेव्हा रुक्ष वाटलं होतं.

त्या दगडावर येणारं एक पिवळट कुत्रं पुढे आमचंच झालं. ते रोज सकाळी वावराच्या चारही धुऱ्यांवरून फिरून यायचं, कोपऱ्या-कोपऱ्यावर थांबून खात्री करून घ्यायचं, म्हणून यांनी त्याचं नाव तलाठी ठेवलं. खऱ्या तलाठ्यांना राग आला तर येवो.

आता विहिरीचं सांगते, कारण हा सगळा लेख मी तिच्यासाठीच लिहायला बसले आहे आणि अजून तिच्याभोवती फेऱ्या मारते आहे.

आमचा भाग संत्र्याचा. संत्र्याला पाणी लागतं, पाण्यासाठी बोअर लागतात, बोअरवर बोअर मारून पाणी इतकं खोल गेलं की सरकारी भाषेत आम्हाला डार्क झोन म्हणू लागले. बोअर आल्यावर जुन्या विहिरींकडे कुणी बघेना. वावरावावरांत त्या तशाच पडल्या आहेत, चाळीस-पन्नास फूट, तळाला कमरेएवढं पाणी, वर कठडा नाही, काठावर गवत. रात्री रानडुकरामागे किंवा सशामागे धावणारं कुत्रं, अंधारात चाललेलं उदमांजर, पाण्याच्या वासानं आलेलं रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, पिल्लू, सगळे तिच्यात जातात.

२०१४ च्या मे महिन्यात शेजारच्या वावरातल्या विहिरीतून दोन रात्री आवाज येत होता. पहिल्या रात्री आम्हाला वाटलं लांब कुठेतरी कोल्हं आहे. दुसऱ्या रात्री तलाठी फाटकाशी उभा राहून त्याच दिशेला भुंकत राहिला, जेवला नाही, तेव्हा आम्ही गेलो. हे, मी, आमचा सालदार, म्हणजे सालानं ठेवलेला गडी, आणि शेजारचे दोघं. वरून बॅटरी मारली. तळाशी एक दगड बाहेर आलेला, जेमतेम ताटाएवढा, आणि त्यावर चारही पाय एकत्र करून एक तांबूस कुत्री उभी. दोन दिवस ती त्या ताटाएवढ्या जागेवर उभी होती. बसायलाही जागा नव्हती.

आमच्याकडे विहिरीतून जनावर काढायची रीत म्हणजे बाज. बाजेच्या चारही खुरांना दोर बांधायचे, खाली सोडायची, जनावर चढलं की सगळ्यांनी एका लयीत ओढायचं. वन खात्याची माणसंसुद्धा विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी बाज सोडतात. आम्ही आत्याबाईंची सुंभाची बाज सोडली, तिच्यावर भाकर ठेवून. कुत्रीनं भाकरीकडे पाहिलंही नाही. बाज जवळ आली तशी ती मागे सरकली, आणि मागे जागाच नव्हती. पाण्यात पडली. पोहत पुन्हा दगडावर चढायला लागली, पाय घसरत होते, नखांचा आवाज वरपर्यंत येत होता.

सालदारानं शर्ट काढला. आधी पेटता कंदील दोरानं खाली सोडला. बिनवापराच्या विहिरीत हवा खराब असते, कंदील विझला तर उतरायचं नाही. कंदील जळत राहिला. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक कडुलिंबाच्या खोडाला दोन वेढे. विहिरीच्या बांधकामात ठेवलेल्या पुढे आलेल्या दगडांवर पाय देत तो उतरला. मी म्हटलं, "मी काय करू?" तो खालूनच म्हणाला, "तुमी बॅटरी धरा."

मी बॅटरी धरली. त्यानं कुत्रीला मानेच्या कातड्याला धरलं, तिनं वळून त्याच्या हाताचा, कोपराच्या खाली, चावा घेतला, त्यानं सोडलं नाही. दुसऱ्या हातानं बाज ओढली, तिला वर टाकली, स्वतःच्या पंच्यानं बाजेला बांधली. मग ओढा. वर आल्यावर ती बाजेवर चपटी पडून राहिली, पोट मोठं, बरगड्या मोजता येत होत्या, कानात गोचिडांची माळ. आणि तो काठावर बसून हातावर पाणी ओतत होता.

साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, हे मी तेव्हा वाचलेलं होतं म्हणून तेवढं तरी केलं. रात्री दीडला मोटर सुरू करून पाइपाखाली त्याचा हात धरला. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात. रेबीज एकदा दिसायला लागला की त्यावर औषध नाही, त्यामुळे कुत्रं बरं दिसतंय का, चावा किती खोल, असला हिशेब करायचा नसतो. पहिल्या दिवशी सुई, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. चार खेपा, एसटीनं. त्या चार दिवसांचा रोज आम्ही दिला, हे सांगताना मला लाज वाटते, कारण 'दिला' या शब्दात उपकाराचा वास येतो.

कुत्रीचं नाव मोट ठेवलं. नऊ दिवसांनी तिनं तुराट्यांच्या गंजीमागे पाच पिल्लं दिली. म्हणजे त्या ताटाएवढ्या दगडावर सहा जणं उभी होती.

त्याच पावसाळ्यात मी त्यावर कथा लिहिली. चांगली उतरली. एकटी राहणारी शाळेतली बाई, रात्रीचा आवाज, गाव झोपलेलं, ती कंदील घेऊन जाते आणि कुणी येत नाही म्हणून साडीचा काष्टा मारून स्वतः विहिरीत उतरते. कुत्री तिच्या कुशीत शिरते. चावत नाही. पत्रं आली, फोन आले, एका वाचक बाईंनी लिहिलं की त्यांना रडू आवरलं नाही. मला फार बरं वाटलं. दिवाळी अंक ओसरीवर पडलेला असायचा.

सालदाराची बायको दहावी शिकलेली, आमच्याकडे संत्री तोडायला यायची. दुपारच्या सुट्टीत तिनं तो अंक घेतला आणि पायरीवर बसून ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी आतून बघत होते. वाचून झाल्यावर तिनं अंक नीट मिटला.

"मस्त हाय," ती म्हणाली. "पन तुमी कवा उतरल्या?"

"अगं, ती मी नाही. ती कथेतली बाई आहे."

"हाव ना." थोडं थांबून, अगदी साधेपणानं, भांडणाचा सूर नाही काही नाही: "मंग आमच्या घरचे कोन्या कथेत हायेत?"

मी वीसेक वर्षं लिहिते आहे. यापेक्षा नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला आलेली नाही.

आता यावर लेखकाकडे तयार उत्तर असतं. कथा म्हणजे वार्तांकन नव्हे, कल्पनेला मोकळीक असते, वगैरे. ते खरंच आहे, आणि मी ते स्वतःला सांगूनही पाहिलं. पण मी कल्पना केली नव्हती. मी फक्त उतरणाऱ्याची जागा लाटली होती आणि चावा खोडून टाकला होता. जे घडलं त्यातलं जे जे अवघड होतं, ते ते गोड केलं होतं. पहिल्या संग्रहात जनावरांना माझं दुःख वाहायला लावलं, आता मोटेला माझं मोठेपण वाहायला लावलं. बैलबंडी तीच, फक्त माल बदलला.

आमच्या गावापासून रिद्धपूर लांब नाही. महानुभावांचं रिद्धपूर, जिथे म्हाइंभटांनी शके १२०० च्या, म्हणजे १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. एम.ए.ला मी तो परीक्षेपुरता वाचला होता, मार्क मिळाले, विसरले. त्या दिवाळीनंतर ट्रंकेतून पुन्हा काढला. म्हाइंभटांनी केलं ते असं: चक्रधरस्वामी गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांच्याकडे जाऊन जाऊन आठवणी गोळा केल्या. कुणी काय पाहिलं, कुणी काय ऐकलं. स्वतः न पाहिलेल्या प्रसंगात स्वतःला घुसवलं नाही.

आणि त्यात एक ससा आहे. पारध्यांनी मागे लागून दमवलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडतो. पारधी मागतात, स्वामी देत नाहीत, बोलणं होतं, शेवटी पारधी त्याचा नाद सोडतात आणि ससा निघून जातो. बस्स. ससा कृतज्ञ डोळ्यांनी बघत नाही. पुन्हा भेटायला येत नाही. मराठी गद्यानं डोळे उघडले तेव्हाच त्याच्यापुढे एक वाचवलेलं जनावर होतं, आणि ते आपल्या वाटेनं गेलं. मला इथवर यायला साडेसातशे वर्षं उशीर झाला, एवढंच.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. कथेसाठी नाही. तारीख, जनावर, काय झालं होतं, कुणी काय केलं. कर्त्याशिवाय वाक्य लिहायचं नाही, हा एकच नियम. 'वाचवण्यात आलं' असं लिहायचं नाही.

त्यातलं एक पान देते. फेब्रुवारी, काळं कुत्रं, बसथांब्यावरचं, मानेच्या मागे जखम, अळ्या. पोट्ट्यानं सायकलच्या कॅरिअरवर खोक्यात घालून आणलं. यांनी तोंड बांधलं, पट्टीनं, नाकावरून दोन वेढे आणि कानांमागे गाठ. मी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा जखमेच्या तोंडाशी धरला. पाच-सात मिनिटांत अळ्या वर यायला लागतात. आधी कडेच्या, मग एकदम पुष्कळ, भात शिजताना वर येतो तशा. चिमट्यानं एकेक धरून काढायची, ओढताना तुटू द्यायची नाही. आत राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोट्टा वाटीत मोजत होता. ८७ला थांबला, म्हणाला, "काकू, आता कंटाया आला." जखमेच्या तळाशी गुलाबी मांस दिसलं तेव्हा डॉक्टरांना फोन. ते येऊन इंजेक्शन देऊन गेले. तीन दिवस रोज हेच. कुत्रं चौथ्या दिवशी फाटक ढकलून निघून गेलं. आता बसथांब्यावर असतं. मला ओळखत नाही.

हे पान लिहिताना संपादनाची उपमा सुचली होती. एकेक नको असलेला शब्द चिमट्यानं काढणं वगैरे. लिहिली, आणि खोडली. अळ्या अळ्याच होत्या.

एका अंकानं या वहीतल्या नोंदी छापायला मागितल्या. पाठवल्या. त्यांचा निरोप आला की मजकूर ताकदीचा आहे, पण शेवट थोडा उबदार करता येईल का, ते कुत्रं परत येऊन पायाशी बसतं असं काही. मी नाही म्हटलं. त्यांनीही छापलं नाही. राग आला, पण फार नाही, कारण पाचेक वर्षांपूर्वी मीच त्यांना तसा शेवट आनंदानं करून दिला असता.

वही वाढत गेली तसं 'वाचवणं' या क्रियापदातलं माझं काम लहान होत गेलं. वादळानं कडुलिंबाच्या ढोलीतून पिंगळ्याचं पिल्लू खाली पडलं तेव्हा तर काहीच उरलं नाही. शेजारणीनं दार लावून घेतलं, पिंगळा घरात आला की माणूस जातो म्हणे. मी त्याला टोपलीत ठेवून मनातल्या मनात त्याचं नावही ठरवलं होतं. वनरक्षक आला आणि म्हणाला, मॅडम, १९७२ च्या कायद्यानं हे घरात ठेवता येत नाही, आणि ठेवायची गरजबी नाही. त्यानंच ती टोपली ढोलीजवळ फांदीला बांधली आणि आम्हाला लांब जायला सांगितलं. अंधार पडता पडता आईबाप दोघं आले, चोचीत काहीतरी घेऊन. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: वनरक्षकानं टोपली बांधली.

सुदामचं मात्र एका ओळीत होत नाही.

सुदाम बैल. एका पोळ्याच्या आठ दिवस आधी तो गावाच्या चौकात उभा दिसला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वेसण काढून घेतलेली. वेसण काढलेली असली की समजायचं, कुणीतरी सोडलाय, हरवलेला नाही. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचा बाजार संपला. पूर्वी तो विकून त्यात भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा घ्यायचा. आता जुन्याला गिऱ्हाईक नाही आणि त्याला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा तर लागतोच. शहरातल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, सोडणारे किती निर्दयी. मला सोडणारा माहीत आहे. तीन एकरवाला माणूस आहे. अंधारात बैल सोडून आल्यावर दोन दिवस जेवला नाही, हे त्याच्या आईनं आत्याबाईंना सांगितलं. कायद्याबद्दल मला काय वाटतं ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते माझं मलाच दर पोळ्याला वेगळं वाटतं.

बैल आमच्या कोठ्यात आला तो तलाठ्याच्या मागे मागे, स्वतःच. नाव त्या माणसानंच सांगितलं, चार दिवसांनी, फाटकाबाहेर उभा राहून, आत न येता. "त्याले सुदाम म्हना, नाईतर तो मान वर नाई करत."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. लोणी किंवा तूप, हळद, आणि पळसाच्या गरम पानानं मानेचा तो भाग चोळायचा जिथे जू बसतं. सुदामच्या खांद्याला हात लावला तर चामड्याच्या चपलेचा तळवा असावा तसं लागलं. बारा-चौदा वर्षांचं जू. केस नव्हते तिथे. मी चोळत होते आणि तो डोळे अर्धे मिटून उभा होता. त्याला सुख वाटत होतं असं लिहायचा मोह होतो. डोळे अर्धे मिटलेले होते, एवढं मी पाहिलं. मग त्याला आवतन द्यायचं असतं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे घरच्या कर्त्यानं म्हणायचं. यांनी तोंड उघडलं तेवढ्यात फाटकापाशी कुणीतरी खाकरलं. तो माणूस. यांनी काही न बोलता हातातलं पान त्याच्याकडे दिलं.

तो आला, सुदामच्या कानाशी वाकला आणि आवतन म्हणाला. सुदामनं मान वर केली.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली त्याला त्यानंच नेलं. पुढचे दोन पोळेही. त्यानंतरच्या पोळ्याला सुदाम नव्हता. यावर मी अजून कथा लिहिलेली नाही. ती त्या माणसाची आहे, आणि त्यानं मला अजून सांगितलेली नाही.

आता घरात मोट आहे, म्हातारी, नसबंदीचं ऑपरेशन करून आणली तेव्हाची कानाची खूण अजून ठळक. कुटार आहे. आणखी दोन कुत्री, त्यांची नावं पोट्ट्यानं क्रिकेटरांची ठेवली आहेत. तलाठी गेला, आत्याबाईही गेल्या. फाटकाबाहेरच्या दगडावर भाकर अजून पडते.

गेल्या उन्हाळ्यात मी ती विहिरीची गोष्ट पुन्हा लिहिली. यावेळी बाई विहिरीत उतरत नाही. सालदार उतरतो, कंदील आधी उतरतो, कुत्री चावते, एसटीच्या चार खेपा होतात, आणि बाई काठावर बॅटरी धरून उभी असते. लिहून झाल्यावर आधी कुणाला पाठवली नाही. कागद घेऊन संध्याकाळी सालदाराच्या घरी गेले. ते दोघं छपरीत बसले होते, ती शेंगा सोलत होती. मी मोठ्यानं वाचून दाखवली, सगळी. तो मध्ये काही बोलला नाही. चाव्यापाशी त्यानं नकळत हात उलटा करून तो वण पाहिला.

वाचून झालं. मी कागद मिटले. तिनं सोललेल्या शेंगा सुपात सारल्या आणि त्याच्याकडे बघितलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. मग जरा हसला. "पन बॅटरी भल्ली हालत होती तुमची. मले पाय कुठी ठेवू थेच नव्हतं दिसत. थे लिवलं काय?"

लिहिलं नव्हतं. घरी येऊन लिहिलं.